बाईच्या पायाचे आठ फोटो

६ जानेवारी २०२५, सोमवार

अकोल्याच्या कलर लॅबची डायरी आली. त्यांच्याकडे अल्बम छापायला देतो म्हणून दरवर्षी फुकट पाठवतात. पूर्वी हिच्यात लग्नाच्या तारखा मावायच्या नाहीत, वर चिठ्ठ्या चिकटवाव्या लागायच्या. यंदा जानेवारीत दोन लग्नं अन् एक जावळ. च्यायला, ज्याच्या हातात मोबाईल तो फोटोग्राफर! डोणगावात बावीस वर्षं स्टुडिओ चालवून आता मी नुसता पासपोर्ट फोटोपुरता उरलो. कोरी पानं वाया घालवण्यापेक्षा मनातलं लिहावं म्हटलं. बोलतो तसं लिहायला गेलं की शाळेतली छडी आठवते, म्हणून हात आपोआप पुस्तकी वळणावर जातो.

मनात सध्या एकच गोष्ट आहे, बाईचा पाय.

बाई म्हणजे सोजराबाई, माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो अन् ती अकराची. मला कडेवर घेऊन ती चारा कापायची. तिच्या उजव्या घोट्यावर विळ्याची लांब खूण आहे, ती त्याच वेळची. मी कडेवरून झुकलो, ती मला सावरायला गेली अन् विळा पायावर उतरला. आता साठीला आली तरी गावाबाहेरच्या वावरातच राहून वांगी-मेथी करते. मुलगा राम ट्रकवर असतो, घरी सून अपेक्षा. बाईला शुगर आहे. दिवाळीत पायात काटा मोडला, तो चिघळला, अन् संभाजीनगरच्या दवाखान्यात त्याच पायाची करंगळी काढावी लागली.

तिथल्या भार्गवी मॅडमनी घरी सोडताना सांगितलं की पाय वाचलाय, पण नजर ठेवावी लागेल. दर आठवड्याला एवढ्या लांब यायची गरज नाही. दर बुधवारी जखमेचे फोटो मेलवर पाठवा. काळं किंवा लाल काही दिसलं तर त्याच दिवशी बोलावून घेईन. रामनं दोनदा व्हॉट्सॲपवर पाठवले, तर मॅडम रागावल्या, फोटो फुटतात, रंग कळत नाही म्हणाल्या. तेव्हा बाई म्हणे, "माह्या भावाचा एवढा स्टुडिओ हाये, तो काऊन नाई काढणार?"

मला बोलावणं यायला दोन महिने लागले याचा जरा रागच आला. पण गेलो तर ती म्हणाली, "सहदेवा, पाय राह्यला पाह्यजे बापा. वांग्याच्या ओळीत एका पायानं कसं फिरता येईन?" बुधवारी येतो म्हटलं.

८ जानेवारी, बुधवार

मोठा कॅमेरा, दोन लाईट, छत्री, सगळं मोटारसायकलवर बांधून वावरात गेलो. बाई अंगणात बाजेवर बसली होती. लाईट बघून म्हणते, "अरे, लग्न हाये का माहं? गोरी काढजो बरं." अपेक्षा हसली. सुनेसोबत हसणं बाईच्या सासूपणात सहसा बसत नाही, आज दोघी हसल्या.

अपेक्षानं पट्टी सोडली. कडेला, करंगळी होती तिथं, हरभऱ्याएवढं जांभळट-काळं दिसलं. भोवती लाली. मी म्हटलं, हे मॅडमला दिसलंच पाहिजे, अन् त्याचेच तीन फोटो जवळून घेतले. एकूण आठ. असे फोटो की कातडीवरची लव मोजावी.

संध्याकाळी मेल करायला बसलो तर जाईना. एकेक फोटो चौदा-चौदा एमबीचा, आठ मिळून शंभराच्या वर, अन् मेलमध्ये पंचवीसच मावतात म्हणे. अरे मग एवढे मोठे कॅमेरे विकता कशाला?

९ जानेवारी, गुरुवार

एकेका मेलला एकेक फोटो जोडायचं ठरवलं. पहिला निघाला. मेल जाताना स्क्रीनवर दिसते ती पट्टी सरकत सरकत अर्ध्यावर आली अन् नेटवर्क गेलं. पुन्हा पहिल्यापासून. असं चार वेळा. दुकानात गिऱ्हाईक आलं, रेशनकार्डाला फोटो पाहिजे होता, त्याच्यावर उगाच खेकसलो. तो पलीकडं मोबाईलच्या दुकानात गेला.

दुपारी वाटलं की गेले सगळे. चहा घेऊन बघतो तर आठही मेल आउटबॉक्समध्ये आडवे. मग फोटो नेटवर चढवून नुसती लिंक पाठवली. तिथून उत्तर आलं की दवाखान्यात बाहेरच्या लिंक उघडता येत नाहीत, फोटो जोडूनच पाठवा.

डोकं फिरलं. बायकोनं, शालूनं, ताट वाढलं तर तिच्यावरही चिडलो. ती म्हणे, "तुमच्या पट्टीवर माहा काय जोर हाये जी? जेवा आधी."

१० जानेवारी, शुक्रवार

मी पण कसा येडा! घरात विहीर असून गावभर पाणी शोधत होतो. लग्नाचे फोटो पसंतीसाठी पाठवतो तेव्हा अख्खं फोल्डर एका बटनावर लहान होतंच की. अकोल्याच्या लॅबमधल्या पोरानं ते बटन माझ्या लॅपटॉपवर बसवून दिलं त्याला अकरा वर्षं झाली. फोल्डर दाखवायचं, बटन दाबायचं अन् तंबाखू मळेस्तोवर काम तयार. हजार-बाराशे नवऱ्या त्यातून गेल्या असतील अन् आजवर एकीच्याही घरून तक्रार नाही. पोरीचा रंग, डाग, मुरूम यावरून ऐन मांडवात वाद झालेले मी दुसऱ्यांच्या स्टुडिओत पाहिलेत. आपल्याकडे ते नाही.

आठ फोटो मिळून पाच एमबी. एका मेलमध्ये, दोन मिनिटांत गेले. मी एकटाच टाळी वाजवली.

११ जानेवारी, शनिवार

मॅडमचं उत्तर आलं. मोबाईलवरून इथं उतरवून ठेवतो: "फोटो अतिशय स्पष्ट आहेत, धन्यवाद. काळेपणा नाही, लाली नाही. जखम भरते आहे. हेच ड्रेसिंग चालू ठेवा."

वाचून डोळ्यात पाणी आलं, लिहायला लाज कसली. मेल घेऊन तसाच वावरात गेलो. बाईनं दोनदा वाचून घेतलं. अपेक्षा म्हणाली, "पण मामा, ते काळं होतं ना कडेले?" मी म्हटलं, "अवो, मॅडम एवढं शिकल्या. आपल्याले जे काळं दिसते ते त्यांच्या हिशोबानं काळं नसन." तिनं मान हलवली. मलाही ते बोलून बरं वाटलं. आपल्या डोळ्यांचं काय खरं!

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. बाईनं हातावर तीळगूळ ठेवला अन् सगळ्यांदेखत म्हणाली, "माह्या भावानं पाय वाचवला." एवढं कौतुक मला बारशाच्या ऑर्डरीतही कोणी केलं नाही.

आज दुसरे आठ पाठवले. बटन, मेल, झालं. उत्तर संध्याकाळीच आलं, "छान प्रगती."

ते काळं मला जरा मोठं वाटलं होतं. पण छान प्रगती म्हणतात, तर छानच.

२२ जानेवारी, बुधवार

आज अपेक्षाशी वाजलं. पट्टी सोडताना म्हणाली, "मामा, वास येऊन राह्यला. चार दिवस झाले. आपन बाईले घेऊनच जाऊ ना संभाजीनगरले." वास होता, खोटं कशाला बोलू. पण मलमालाही वास असतो. मी म्हटलं, "तू डॉक्टर का मॅडम डॉक्टर? त्या दर हप्त्याले पाहून राह्यल्या अन् तुले इथं चुलीपाशी बसून जास्त कळते?" बाई म्हणाली, "तिले पट्टी बदलायचा कंटाळा आला, दुसरं काई नाई." अपेक्षा हात धुवायला गेली.

घरी फोटो पाठवत होतो तेव्हा शालू मागं येऊन उभी राहिली. म्हणे, "बाईच्या पायापेक्षा फोटोतला पाय बरा दिसते हो." मी म्हटलं, "लाईटची कमाल आहे. बावीस वर्षं काय झक मारली का मी?"

मॅडमचं उत्तर: कड गुलाबी आहे, उत्तम.

२९ जानेवारी, बुधवार

पाठवले. उत्तर चांगलं. बाई मात्र आज हसली नाही. पाय बधिर झाला म्हणाली, दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरंच की.

२ फेब्रुवारी, रविवार

बाईला ताप. अपेक्षानं मला न विचारता गावातल्या डॉक्टरांना वावरात बोलावलं. पांढऱ्या मिशांचा म्हातारा माणूस, शेषराव डॉक्टर. त्यांनी पट्टी सोडून नाकाला रुमाल लावला अन् म्हणाले, "आजच्या आज हलवा." मी मोबाईल काढून मॅडमची मेल दाखवली, बुधवारचीच. त्यांनी चष्मा लावून वाचली. पायाकडे बघितलं, पुन्हा मेल वाचली. म्हणाले, "मोठ्या दवाखान्याचं असं म्हणणं असन तर मी काय बोलू? तापाची गोळी देतो. पण जाऊन या तुम्ही."

अपेक्षा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बुधवार तीन दिवसांवर आलाय, फोटोत काही दिसलं तर मॅडम बोलावतीलच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाई सकाळपासून बरळते आहे. मला आईच्या नावानं हाक मारली. घोट्यापर्यंत पाय काळा झाला. जीप सांगितली आहे, अपेक्षा पिशवी भरते आहे. देवा, पाय राहू दे तिचा.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज फोटोचा बुधवार होता.

काल मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत तिसऱ्या प्रहरी पोचलो. जीपमध्ये काचा उघड्या ठेवूनही वास जाईना. मॅडमनी पट्टी उघडली अन् त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाल्या, "मागच्या बुधवारी मला कोणत्या पायाचे फोटो पाठवले तुम्ही?" मी म्हटलं, "याच पायाचे, मॅडम. देवाशपथ."

त्यांनी टेबलावरचा मोठा स्क्रीन माझ्याकडे फिरवला. मी तो फोटो पहिल्यांदा एवढा मोठा पाहिला. गुलाबी, गुळगुळीत पाय. नवरीच्या मेंदीच्या फोटोत असतो तसा. कडेला काळं नाही. लाली नाही. अन् घोट्यावर विळ्याची खूणच नाही.

बाईच्या घोट्यावर खूण नाही! अठ्ठेचाळीस वर्षं तिच्या अंगावर आहे ती, अन् मी ती पुसून टाकली.

ते बटन. त्या पोरानं त्या एका बटनात सगळं बांधून दिलं होतं, साईज लहान, काळं उजळ, लाली कमी, डाग साफ. तेव्हा मीच सांगितलं होतं त्याला, नवऱ्यांसाठी. मग अकरा वर्षांत बाकीचं विसरलो अन् माझ्या डोक्यात ते नुसतं फोटो लहान करायचं बटन राहिलं.

मॅडम म्हणाल्या, "आठवड्यात इतकं बिघडणं म्हणजे ड्रेसिंग झालेलंच नाही. कोण करत होतं ड्रेसिंग?"

अपेक्षा म्हणाली, "मी, मॅडम. रोज केलं. सकाळ-संध्याकाळ."

"असं रोज केलं असतं तर ही वेळ आली नसती."

अपेक्षानं माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार होतो ना, दर बुधवारी तिथं असायचो. आत्ता सांगतो, जरा बाहेर गेल्यावर सांगतो, असं करत करत मी कागदावर सही केली अन् त्यांनी बाईला आत नेलं.

आज सकाळी गुडघ्याच्या वरून पाय काढला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

राम गुजरातेतून गाडी सोडून आला. वॉर्डाबाहेर लोकांसमोर बायकोला नाही नाही ते बोलला. "माही माय तुह्या भरवशावर ठेवली होती मी." ती भिंतीला टेकून उभी होती. एकदाच म्हणाली, "मामाले विचारा." राम माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "राम, आता भांडू नको, दवाखाना आहे."

एवढंच म्हटलं मी. थू तुझ्या जिंदगानीवर, सहदेवा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईला काल घरी आणलं. बाजेवर उचलून ठेवताना इतकी हलकी लागली. वांग्याच्या ओळींकडे पाठ करून झोपते. अपेक्षाला पट्टीला हात लावू देत नाही. शालू रोज वावरात जाऊन पट्टी करते. राम बायकोशी बोलत नाही. होळी झाली की तिला माहेरी पोचवतो म्हणतो, अन् तो पोचवतो म्हणाला की परत आणीन असं त्यात नसतं. अपेक्षा चूल, जनावरं, धुणं सगळं करते, फक्त मान वर करत नाही.

शालूनं मला काल विचारलं, "तुमाले काई सांगायचं हाये का जी?" मी म्हटलं, काय सांगायचंय? ती म्हणाली, "नाई, इचारलं."

६ मार्च, गुरुवार

मॅडमची मेल आली. कापलेल्या जागेचे टाके बघायचे आहेत, बुधवारपासून पूर्वीसारखे फोटो पाठवा. पूर्वीसारखे!

जानेवारीच्या मूळ फोटोंचं कार्ड ड्रॉवरमध्ये आहे. सवयीनं पुसत असतो, दुसऱ्या लग्नाला लागतं. जानेवारीतली दोन्ही लग्नं दुसऱ्या कार्डावर घेतली, पुढं एकही आलं नाही, म्हणून हे वाचलं. लॅपटॉपवर उघडले. पहिल्याच दिवशी ते काळं किती साफ दिसतं आहे! आंधळ्यालाही दिसलं असतं. आठ जानेवारीलाच पाय वाचला असता.

ते बटन काढून टाकलं. आता काढून काय उपयोग.

१२ मार्च, बुधवार

उद्या होळी. राम सकाळी मेहकरला गाडीच्या कामाला गेला. मी लॅपटॉप अन् ते जानेवारीचं कार्ड घेऊनच वावरात गेलो. लाईट लावले. बाई या वेळी गोरी काढ म्हणाली नाही. मांडीच्या टोकाचे आठ फोटो घेतले अन् तिथंच बाजेपाशी बसून एकेका मेलमध्ये एकेक, चौदा-चौदा एमबीचे, जसेच्या तसे लावले. दोन तास लागले. गेले. म्हणजे जानेवारीतही असेच गेले असते. घाई होती म्हणून मी तेव्हा धीर धरला नाही, एवढीच सगळी गोष्ट.

मग नववी मेल लिहिली. रात्रीपासून मनात जुळवली होती. "मॅडम, सोबत आठ जानेवारीचा खरा फोटो जोडत आहे. आपल्याला पाठवलेले फोटो माझ्याकडून साफ होऊन आले होते. दोष ड्रेसिंगचा नाही. सून रोज पट्टी करत होती, वास येतो हे तिनंच सांगितलं होतं. दोष माझा आहे. सहदेव." पाठवलं. पट्टी सरकायला लागली. ठरवलं होतं की ही गेली की मोबाईलवर रामला दाखवायची, उद्याच्या आत.

बाईनं विचारलं, "रडून काऊन राह्यला रे?"

मी तिला सगळं सांगितलं. बटनाचं, स्क्रीनचं, खुणेचं. तिच्या नसलेल्या पायाच्या जागी डोकं टेकून सांगितलं. ती हळूच म्हणाली, "कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई. आता ही मेल चालली."

"थांबव तिले."

"बाई, अपेक्षाले माहेरी धाडून राह्यला राम."

"धाडन तर धाडन. सुनेले लोक बोलतेच, मले नाई का बोलले? तिचं वय हाये, निभावून नेईन. पण हे गावाले कळलं तर तुह्या स्टुडिओत कुत्रं फिरकनार नाई. बहिणीचा पाय कापला म्हणतीन." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसाच. "मले माहा भाऊ पाह्यजे. पाय तर गेला बापा. आता तू नको जाऊ."

पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली होती. नेटवर्क चांगलं होतं. आजच नेमकं चांगलं होतं. मी बाईकडे पाहिलं, अन् मेल रद्द केली.

कार्ड पण तिच्यासमोरच पुसलं. तिनंच पुस म्हटलं. पण बोट माझं होतं.

तेवढ्यात अपेक्षा चहा घेऊन बाहेर आली. माझ्या हातात कप दिला, बाईचा तिच्या उशाशी ठेवला अन् खाली बघतच विचारलं, "गेले का मामा, फोटो?"

मी म्हटलं, "हाव, गेले."

"सगळे?"

"सगळे," मी म्हटलं. ती पदराला हात पुसत आत गेली.